पाळणाघराचा वादळी दिवसाचा आराखडा: ‘सुरक्षित ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

त्या दुपारी पावणेतीनला आमच्या पाळणाघरातली बहुतेक मुलं झोपली होती. २३ मुलं, त्यातली ५ तान्ही, आणि आम्ही चौघीजणी. दहा मिनिटांत आभाळ इतकं काळवंडलं की दिवे लावावे लागले, आणि दिवे लावतो न लावतो तोच वीज गेली. वारा सुटला. झोपायच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीची तावदानं थरथरायला लागली तशी मी ओरडले, “मुलांना हलवा!” एक ताई सहा मुलांना घेऊन पुढच्या हॉलमध्ये धावली, कारण तिथे उजेड होता. दुसरी स्वयंपाकघराशेजारच्या बोळात गेली. मावशी दोन्ही काखांत दोन बाळं घेऊन जिन्यापाशी उभी राहिली. वर जायचं की खाली, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तावदान फुटलं तेव्हा ती खोली रिकामी आहे असं आम्ही सगळ्या समजत होतो. बोळात डोकी मोजली तर २२ भरली. पुन्हा मोजली, तरी २२. तेविसावा अडीच वर्षांचा मुलगा गाद्यांच्या घडीमागे, भिंतीला चिकटून गाढ झोपलेला सापडला. काचा त्याच्यापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या. त्याला खरचटलंही नव्हतं, पण त्याला उचलून घेताना माझे पाय लटपटत होते ते अजून आठवतं.

संध्याकाळी सगळी मुलं घरी गेल्यावर मी कपाटातून फाइल काढली. आमच्याकडे आराखडा होता. त्यात लिहिलं होतं, “आपत्तीच्या वेळी मुलांना तातडीने सुरक्षित ठिकाणी हलवावे.” हे वाक्य माझंच. ते ठिकाण कोणतं, कुणी कुणाला हलवायचं, कधी हलवायचं, यातलं काहीच त्यात नव्हतं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तो कागद आम्ही दर वर्षी नव्याने लिहितो. पाळणाघर चालवणाऱ्या, तिथे काम करणाऱ्या किंवा आपलं मूल तिथे ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी, तो कागद कसा तयार करायचा हे सांगायला बसले आहे.

आधी जपानमधली एक घटना सांगते. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तिथे मोठा भूकंप झाला. सुनामी ही काही हवामानाची आपत्ती नव्हे, पण इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत त्या दिवशी जे झालं ते प्रत्येक पाळणाघराने वाचावं. भूकंपानंतर मुलं पटांगणात आली. शाळेच्या अगदी मागे टेकडी होती. तरीही कुठे जायचं हे ठरेपर्यंत जवळजवळ पाऊण तास गेला, आणि ३ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास पाणी शाळेपर्यंत पोहोचलं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे पालक न्यायालयात गेले तेव्हा शाळेचा आराखडा तपासला गेला. सुनामी आली तर जवळच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत जावं, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. कोणती जागा, कोणती बाग, याचा पत्ता नव्हता. पूर्वतयारीत कसूर झाली असा निकाल वरिष्ठ न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि २०१९ मध्ये तो कायम झाला. त्या शिक्षकांनी मुलांना सोडून पळ काढला नव्हता, ते मुलांबरोबरच गेले. त्यांच्या हातात ठिकाणाचं नाव नव्हतं, एवढंच. हे वाचल्यापासून आमच्या कागदावर ‘सुरक्षित ठिकाण’ हे शब्द मी येऊ देत नाही.

जागा पायांनी शोधा

टेबलाशी बसून आराखडा लिहू नका. वही घेऊन इमारतभर फिरा, आणि दुपारी मुलं झोपलेली असतानाच फिरा, म्हणजे खरी अडचण दिसेल.

पहिली गोष्ट कळेल ती अशी की सगळ्या संकटांना एकच जागा चालत नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात सगळ्यात खालच्या मजल्यावरची, आतली, बिनखिडकीची छोटी खोली उत्तम. पुराच्या पाण्यात तीच खोली सापळा ठरते. म्हणून आमच्या दारावर दोन जागा लिहिलेल्या आहेत. वाऱ्यासाठी तळमजल्यावरचा आतला बोळ आणि त्याला लागून असलेलं न्हाणीघर. पाण्यासाठी पहिल्या मजल्यावरची मागची खोली. मावशीला आता जिन्यापाशी थांबावं लागत नाही. ‘वारा’ म्हटलं की बोळ, ‘पाणी’ म्हटलं की वर.

वाऱ्यासाठी हॉल निवडण्याची चूक फार जण करतात, आम्हीही केली होती. मोठी मोकळी जागा पाहून हायसं वाटतं. पण हॉलचं छप्पर मधल्या आधाराशिवाय लांबवर तोललेलं असतं, आणि जोराच्या वाऱ्यात अशी छपरंच आधी जातात. छोट्या खोलीच्या भिंती जवळजवळ असतात, त्या एकमेकींना धरून राहतात. जागा निवडताना आणखी पाहायचं ते असं: बाहेरच्या भिंतीपासून आपण किती आत आहोत, आजूबाजूला काच कुठे आहे (दारातली आणि फोटोंच्या चौकटीतलीसुद्धा), कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत का, आणि वर गच्चीत किंवा माळ्यावर पाण्याची टाकी तर नाही ना. शंका आली तर बांधकामातल्या जाणकाराला एकदा बोलावून दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग त्या जागेत सगळ्या मुलांना खरोखर बसवून बघा. बसलेल्या माणसाला साधारण अर्धा चौरस मीटर जागा धरतात, पण पाळणा, पिशव्या आणि रडणारं मूल मांडीवर घेतलेली ताई यांचा हिशेब कागदावर बसत नाही. आमच्या पहिल्या निवडलेल्या खोलीत मुलं मावली, पण पाळणा दारातून आत जाईना. मोजपट्टी लावली तर दार चार बोटं कमी पडत होतं. तेव्हा जागाच बदलली.

तिसरी जागा इमारतीबाहेरची हवी, कारण छप्पर गेलं किंवा पाणी वाढत चाललं तर बाहेर पडावंच लागेल. शेजारची शाळा, सभागृह, उंचावरची पक्की इमारत, जे असेल ते. तिथल्या जबाबदार माणसाशी आधी बोलून ठेवा, किल्ली कुणाकडे असते ते विचारा, आणि मुलांना घेऊन एकदा चालत जाऊन या. मोठ्यांची पाच मिनिटं तीन वर्षांच्या मुलांची अठरा मिनिटं होतात. हा आकडा आमचा स्वतःचा आहे, तुमचा तुम्ही काढा. आणि हा रस्ता पाण्याचा आवाज कानावर यायच्या आत धरायचा असतो. गुडघ्याच्या खालीच असलेलं, जेमतेम १५ सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलतं. पाणी रस्त्यावर आलं की बाहेरची जागा विसरायची आणि वरच्या मजल्यावर जायचं.

कोण म्हणणार आणि कधी

हवामान खात्याचे इशारे बऱ्याच देशांत रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा, असा साधारण क्रम असतो. तुमच्या भागात कोणत्या रंगाचा काय अर्थ आहे ते पाहून प्रत्येक रंगापुढे तुमचं काम लिहा. आमच्याकडे पिवळ्या दिवशी मुलं अंगणात जातात, पण दाराच्या जवळच खेळतात, आणि फोन भरून ठेवायचे असतात. नारिंगी दिवशी अंगण बंद, पिशव्या दारात, बूट पायापाशी, आणि पालकांना सकाळीच निरोप. लाल इशारा आदल्या संध्याकाळी आला तर पाळणाघर उघडायचंच नाही.

हा शेवटचा नियम करताना मला फार जड गेलं. त्या दिवशी कामावर जावंच लागणारे पालक असतात, रुग्णालयात काम करणारी एक आई माझ्यापुढे रडली होती. तरीही सांगते, तो निर्णय आदल्या रात्री घेणं सोपं असतं आणि दुपारी दोन वाजता, २३ मुलं आत असताना, अशक्य असतं. त्या आईसाठी आम्ही इतर पालकांशी बोललो आणि अशा दिवशी तिचं मूल कुणाकडे राहील हे लिहून ठेवलं. तुमच्याकडेही अशी दोन-तीन घरं असतील. त्यांची सोय आराखड्याचा भाग समजा.

विजेसाठी मात्र इशाऱ्याची वाट पाहू नका, कान पुरेसे आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. वादळाच्या ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, कधीकधी वर निळं आभाळ असतानाही वीज पडते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, त्यामुळे लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून अंतर काढता येतं. मुलांना तो खेळ आवडतोही. पण तो आत येऊन खेळायचा. पहिला आवाज आला की सगळे पक्क्या इमारतीत. झाड नको, खेळघर नको, पत्र्याची उघडी शेड नको. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही, आणि मधे पुन्हा गडगडलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. तेवढा वेळ नळाखाली हात धुणं, बाळाला अंघोळ घालणं थांबवा, कारण विजेचा प्रवाह नळांतून आणि तारांतून आत येऊ शकतो. बाहेर कुणावर वीज पडलीच तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच मदतीला बोलावा, आणि श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.

निर्णय कोण घेणार, हे एका नावाने लिहा, आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं, तीही नसेल तर तिसरं. आमच्याकडे तिसऱ्या क्रमांकावर मावशी आहे. ‘वारा’ हा शब्द तिने उच्चारला तर मीसुद्धा प्रश्न न विचारता बोळात जाते. वादळ येऊन गेल्यावर “उगाच हलवलं” असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, हेही ठरलेलं आहे. एकदा बोललेलं माणसाच्या मनात राहतं, आणि पुढच्या वेळी तो शब्द उच्चारायला ती व्यक्ती कचरते.

पालकांना ‘या’ की ‘येऊ नका’

सगळ्यात जास्त वाद होतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वादळाची बातमी कळली की आईवडिलांचे पाय पाळणाघराकडे वळतात. ते अगदी स्वाभाविक आहे. पण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या तरंगायला लागतात. आत पक्क्या भिंतींआड मूल नीट असतं, आणि त्याच्याकडे निघालेली आई रस्त्यात अडकते. त्यामुळे एक वेळ अशी येते की तिच्या आधी ‘लगेच या’ म्हणायचं आणि तिच्यानंतर ‘येऊ नका’ म्हणायचं. ती वेळ आधी काढून ठेवावी लागते.

ती अशी काढली. प्रत्येक घराला विचारलं, “फोन केल्यापासून तुम्ही इथे पोहोचायला, वाईट दिवशी, किती वेळ लागेल?” सगळ्यांत लांबचं उत्तर आलं एक तास चाळीस मिनिटं. त्यात मूल ताब्यात घेऊन घरी पोहोचायचा वेळ मिळवला, थोडा वाढीव धरला, आणि तीन तास ठरवले. वादळ तीन तासांहून लांब असेल तर मुलं घरी पाठवायची. त्याहून जवळ असेल तर दार बंद, आणि सगळे आत. मधलं काही नाही. ज्या घरांना पोहोचायला उशीर लागतो त्यांना जवळच्या दुसऱ्या माणसाचं नाव द्यायला लावलं.

निरोप आधीच लिहून ठेवलेले आहेत, कारण हात थरथरत असताना वाक्य सुचत नाही. पहिला: “पाळणाघर आज लवकर बंद होत आहे. दुपारी १ पर्यंत मुलांना न्या. निघताना उत्तर द्या.” दुसरा: “मुलं आतल्या बोळात आहेत, सगळी ठीक आहेत. रस्ते धोक्याचे आहेत, आता येऊ नका. दर ३० मिनिटांनी निरोप देऊ.” हा दुसरा निरोप पाठवणं सोपं आहे, तो पाळणं अवघड. दर अर्ध्या तासाला निरोप जायलाच हवा, काही नवं नसलं तरी. एकदा आमचा एक निरोप वीस मिनिटं उशिरा गेला, तेवढ्यात दोन वडील घरातून निघाले होते. म्हणून आता हे काम एकाच ताईकडे असतं आणि ती त्या वेळी मुलांना सांभाळत नाही. फोनची लाइन तुंबलेली असली तरी लिखित संदेश पुष्कळदा जातो, म्हणून आधी संदेश, मग फोन.

मोजायचं नावाने

२२ की २३ हा घोळ मी परत होऊ दिला नाही, तो हजेरीच्या एका कागदामुळे. रोज सकाळी मूल आलं की नावापुढे खूण, आणि मूल गेलं की वेळ. कागदावर, पेनाने. संगणकात किंवा फोनमध्ये असलेली यादी वीज गेल्यावर कामाची नाही. हलायच्या आधी, पोहोचल्यावर आणि मग दर पंधरा मिनिटांनी नावं वाचायची, आणि प्रत्येक नावाला त्या मुलाच्या अंगाला हात लावायचा. नुसती डोकी मोजली की एखादं मूल दोनदा मोजलं जातं. प्रत्येक ताईची मुलं सकाळीच वाटलेली असतात, त्यामुळे धावपळीत “हा कुणाकडे?” हा प्रश्न उरत नाही. खोली सोडणारी शेवटची व्यक्ती गाद्यांमागे, पडद्यामागे, टेबलाखाली आणि न्हाणीघरात बघते, आणि “खोली रिकामी” असं मोठ्याने म्हणते. गाद्यांची घडी आता आम्ही भिंतीला लावून ठेवत नाही.

तान्ह्या बाळांसाठी एक चाकांचा भक्कम पाळणा घ्या, त्यात चार-पाच बाळं बसतात आणि एक जण तो ढकलू शकते. चाकं छोटी नकोत, उंबरठा ओलांडता यायला हवा. जिना असेल तर मात्र पाळण्याचा उपयोग नाही. तिथे पुढे बांधायच्या झोळ्या हव्यात, म्हणजे एक हात कठड्याला मोकळा राहतो. दोन बाळं दोन काखांत घेऊन जिना उतरायचा नाही. चालणाऱ्या मुलांसाठी गाठी मारलेला दोर, एका गाठीला एक मूल. त्यांना तो आगगाडी म्हणून माहीत आहे आणि इंजिन कोण होणार यावर भांडणंही होतात.

आणि बूट. झोपलेली मुलं अनवाणी असतात, आणि वादळ काचा फोडतं. वादळी दिवसांत प्रत्येक गादीच्या पायथ्याशी त्या मुलाचे बूट ठेवायचे. आमच्या खोलीत त्या दिवशी काच होती आणि २३ जोड अनवाणी पाय होते. एकाही पायाला लागलं नाही याचं श्रेय आमच्या तयारीला नाही.

वाऱ्याच्या वेळी बोळात मुलांनी भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसायचं, डोकं खाली, दोन्ही हात मानेमागे. आम्ही त्याला ‘कासव’ म्हणतो. बाळांवर मोठ्यांनी ओणवं व्हायचं, जाड गोधडी पाठीवर घेऊन. बाळांच्या तोंडावर काही टाकायचं नाही.

पिशवीत काय

दारापाशी दोन पाठपिशव्या असतात, एक बाळांची, एक बाकीच्यांची. पाणी माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर धरतात, ते पिशवीत मावत नाही, म्हणून ते दोन्ही जागी आधीच साठवलेलं असावं. पिशवीत विजेऱ्या (मेणबत्त्या अजिबात नकोत), शिट्टी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, भरलेली पॉवर बँक, लंगोट, कपड्यांचा एकेक जोड, कोरडा खाऊ, प्रथमोपचाराचं साहित्य, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद: पालकांचे क्रमांक, मूल कुणाला द्यायचं त्यांची नावं, ॲलर्जी, औषधं आणि पालकांची उपचारांसाठीची लेखी संमती. दमा असलेल्या मुलाचा पंप, ॲलर्जीचं इंजेक्शन, फिट्सचं औषध यांची जागा कपाटात नाही, पिशवीत. रोजच्या वापरातलं एकच असेल तर पालकांकडून दुसरं मागून घ्या.

दुधाबद्दल नीट वाचा. वीज गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर आतलं साधारण ४ तास टिकतं. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. आईचं काढलेलं ताजं दूध खोलीच्या तापमानाला ४ तासांपर्यंत चालतं. पावडरचं दूध बनवल्यावर २ तासांच्या आत संपवायचं, उरलेलं टाकायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश सेल्सियस गरम पाण्यात मिसळून मग गार करायला सांगते. वादळात गरम पाणी मिळेलच असं नाही. त्यासाठी आम्ही प्रत्येक बाळासाठी त्याला चालणाऱ्या तयार पातळ दुधाच्या सीलबंद बाटल्या ठेवतो आणि तारीख बघून बदलतो. नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर खळखळून एक मिनिट उकळायचं, २००० मीटरहून उंचावर असाल तर तीन मिनिटं.

जनरेटर असेल तर तो इमारतीबाहेर, दारंखिडक्यांपासून लांब. बोळात, जिन्याखाली, पडवीत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि छोट्या मुलांना त्याची बाधा आधी होते.

उन्हाळ्याची लाट आवाज न करता येते, म्हणून आराखड्यात ती राहून जाते. तिचीही जागा ठरवा, ती इमारतीतली सगळ्यात गार खोली. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि तहान त्याला सांगता येत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी पाणी पुढे करायचं. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाण्याऐवजी दूध जास्त वेळा. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. बाबागाडीवर कापड टाकून सावली करू नका, आत भट्टी होते. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी तापते, म्हणून ने-आण करणारी गाडी रिकामी झाल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन बघणं हे एकीचं रोजचं काम आहे, उन्हाळा असो वा नसो.

मूल कुणाच्या हाती

२००५ मध्ये कतरिना आणि रिटा या चक्रीवादळांनंतर अमेरिकेत पाच हजारांहून जास्त मुलं आईवडिलांपासून दुरावल्याची नोंद झाली, आणि शेवटचं मूल घरच्यांना मिळेपर्यंत कित्येक महिने गेले. बोलता न येणारं बाळ आपलं नाव सांगू शकत नाही. इमारत सोडायची वेळ आली तर तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या दंडावर, कपड्याच्या आत, न पुसणाऱ्या पेनाने नाव आणि पालकांचा क्रमांक लिहायचा. चार-पाच मिनिटांचं काम. आम्ही सरावात ते लिहून बघितलं आहे, मुलांना गंमत वाटते.

गोंधळात मूल भलत्याच्या हाती जाण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. यादीत नाव नसलेला काका, ओळखीचा शेजारी, कुणीही असो, पालकांशी बोलणं झाल्याशिवाय आणि ठरलेला परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय मूल द्यायचं नाही. माणूस रागावेल. रागावू द्या. सही आणि वेळ कागदावर घ्या.

सराव

महिन्यातून एकदा. आणि दर वेळी सकाळी दहाला, सगळी मुलं हसतखेळत असताना नको. एकदा झोपेच्या वेळी करा, एकदा बाळांना दूध पाजत असताना, एकदा मी बाहेर गेलेली असताना, एकदा फोन कपाटात ठेवून. आमच्या पहिल्या सरावाला बोळात पोहोचायला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. आता झोपेतून उठवूनही अडीच मिनिटं लागतात. कमी झाले ते सेकंद धावून कमी झाले नाहीत, वाटेतली खुर्ची आणि खेळण्यांचं खोकं हलवल्याने कमी झाले.

मुलांना घाबरवणारी घंटा वाजवू नका. आमची एक ताई विशिष्ट चालीवर टाळ्या वाजवते आणि मुलं दोर धरायला धावतात. मोठा आवाज सहन न होणारं मूल, चालता न येणारं मूल, सांगितलेलं उशिरा कळणारं मूल, प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कोण घेणार आणि कसं, हे वेगळं लिहा. आमच्याकडच्या एका मुलीसाठी कानावरचे जाड हेडफोन पिशवीत असतात. तिच्या आईने सुचवलं.

आणि तुमच्या ताया-मावश्यांना विचारा, “तुझ्या घरी कोण आहे? तुझी मुलं त्या वेळी कुठे असतील?” मावशीचं घर सखल भागात आहे. तिची लेक वर्गातून थेट आमच्याकडे यायची हे ठरलं, तेव्हा मावशी पहिल्यांदा निवांतपणे सरावात उभी राहिली. घरच्या काळजीने जीव टांगणीला लागलेल्या बाईकडून दुसऱ्यांच्या लेकरांसाठी थांबायची अपेक्षा करताना तिच्या लेकराची सोय आपण करायची असते.

वादळ ओसरल्यावर लगेच अंगण उघडू नका. आधी मोठ्यांपैकी एकीने एकटीने फिरून यायचं: लोंबणाऱ्या तारा, तुटलेल्या फांद्या, काचा, भिंतीच्या भेगा, साचलेलं पाणी. तार दिसली तर लांबूनच वीज कंपनीला कळवायचं. पुराचं पाणी लागलेली मऊ खेळणी, गाद्या आणि पुस्तकं टाकून द्या, जीव तुटला तरी. कडक प्लॅस्टिकची खेळणी साबणाने धुऊन, निर्जंतुक करून, उन्हात वाळवून घेता येतात. पुढचे काही आठवडे मुलं वादळ-वादळ खेळतील, ठोकळ्यांची घरं पाडतील, वारा झालेलं एक मूल बाकीच्यांना कासव व्हायला लावेल. खेळू द्या, विचारतील तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. महिना उलटूनही एखादं मूल झोपेत दचकत असेल किंवा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर त्याच्या आईवडिलांशी बोला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

तो तेविसावा आता तेरा वर्षांचा आहे. मागच्या सरावाला त्याची धाकटी बहीण दोराचं इंजिन होती.